बाबांची जीभ आणि माझी टाकी

आमच्या सरबताच्या कारखान्याला दोन दारं. पुढच्या दारानं बाटल्या बाहेर जातात, मागच्या दारानं पाणी. पुढच्या दाराचे फोटो कार्यालयाच्या भिंतीवर लावलेत, मागच्या दाराकडे कुणी फिरकत नाही. मी मागच्या दाराची. कारखानाभर जे जे धुतलं, विसळलं, सांडलं जातं ते सगळं नाल्यांमधून माझ्या टाक्यांत येतं, मी ते साफ करते आणि भिंतीपलीकडच्या ओढ्यात सोडते. पाठीमागे लोक मला गटारबाई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही. एकदा बाटल्या धुणाऱ्यांपैकी एकानं म्हटलं होतं, तेव्हा त्याच्या नालीतून काय काय वाहून येतं ते मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं सांगितलं. तेव्हापासून तो मला ताई म्हणतो.

खरं सांगायचं तर माणसाच्या तोंडावरून मला फारसं कळत नाही, नालीवरून सगळं कळतं. आळशी कोण, घाईचा कोण, आज घरून भांडून कोण आलंय. भांडून आलेला माणूस हात सैल सोडून साबण वापरतो.

माझी मोठी टाकी म्हणजे एक खाणावळच आहे. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. मी त्यांना मंडळी म्हणते. खालून हवेचे बुडबुडे सोडायचे, वरून कारखान्याचं गोडसर पाणी द्यायचं. मंडळी पाण्यातली साखर खातात आणि पाणी स्वच्छ करून ठेवतात. रोज बेताचं खायला घाला, जन्मभर कुरकुर करणार नाहीत. पण एकदम पोतंभर साखर अंगावर ओतलीत तर बिचाऱ्यांचा श्वास कोंडतो. टाकी आंबते, फेस काठावरून उतू जातो आणि असा वास सुटतो की जेवलेलं वर यावं. अति तिथं माती, दुसरं काय.

आणि गेल्या थंडीपासून माझी टाकी आजारी होती.

आधी आमच्या घराबद्दल सांगते, कारण गोष्ट तिथूनच जाते. नवरा कारखान्याच्या ट्रकवर चालक, आठवड्यातून एकदा घरी येतो आणि आल्या आल्या झोपतो. बाकी दिवस घरात मी, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना मी बाबा म्हणते, कारखाना त्यांना मास्तर म्हणतो. सरबताचा पाक जिथे बनतो त्या पाकखोलीचे ते मुख्य. म्हणजे एकाच कारखान्याच्या एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला मी. सकाळी एकाच स्कूटरवरून जायचो, फाटकातून आत गेलं की ते उजवीकडे, मी सरळ मागे. इतक्या वर्षांत ते माझ्या टाक्यांकडे एकदाही आले नव्हते. "तुझ्याकडे काय बघायचं?" म्हणायचे. मीही बोलावलं नव्हतं.

सासूबाईंचं आणि माझं तसं बरं चाललं होतं. एक खोड सोडली तर. गेल्या काही महिन्यांपासून त्यांना पानावर बसल्या बसल्या माझ्या स्वयंपाकाचा निकाल जाहीर करायची सवय लागली होती. बाबांनी घास घेण्याआधीच सुरू. "आज भाजीत मीठ जरा पुढे गेलंय." "चहा गोडमिट्ट झालाय." "रस्सा बेताचा तिखट आहे हं." मग बाबा मान हलवून तेच म्हणायचे, "हो, मीठ जरा पुढे गेलंय." मला वाटायचं, नवराबायकोंनी मिळून कट केलाय. सुनेनं काय करावं? मूग गिळून वाढावं. मी वाढताना भांडी जरा जोरात ठेवायची, तेवढाच निषेध.

तर टाकी. ती रोज आजारी नसायची. चव बदलायच्या दिवशी आजारी पडायची. आमच्याकडे पाक एकाच पाइपातून जातो. आज संत्रं, उद्या लिंबू. चव बदलायची तर पाइपात उरलेला पाक आधी बाहेर काढावा लागतो. मागून पाणी सोडलं की ते पाकाला पुढे ढकलतं. आता गंमत अशी की पाकात रंग नंतर पडतो, त्यामुळे पाइपातला पाक आणि पाणी डोळ्यांना सारखेच दिसतात. पाक कुठे संपला, पाणी कुठे सुरू झालं, हे कोण सांगणार? मास्तर. पाइपाच्या शेवटी छोटी तोटी आहे. तिच्याखाली पेला धरायचा, घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि एक शब्द बोलायचा. "पाक" म्हणाले की पाइपातून येतंय ते साठवणीच्या टाकीत जातं. "उतरला" म्हणाले की झडप फिरवून पुढचं सगळं नालीत. आणि "पाणी" म्हणाले की धुणं बंद, नवी चव सुरू. मास्तरांनी "पाणी" म्हटल्याशिवाय नळाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. प्रयोगशाळेत साखर मोजायचं यंत्र होतं, पण ते तयार सरबतासाठी. पाइपापाशी जिभेचा कायदा. आणि कायदा चोख होता. लिंबाच्या बाटलीत संत्र्याचा वास लागल्याची एक तक्रार म्हणून कधी आली नव्हती.

कारखान्याच्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं. या बाई ओरडत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते.

"ओढ्यात पाणी सोडणं बंद ठेवलंय मी," त्या म्हणाल्या. "तुझ्या टाकीला झेपत नसेल तर दुप्पट मोठी टाकी बांधू."

"बाई, रोग म्हशीला आणि औषध पखालीला," मी म्हटलं. "टाकी मोठी केली की लोक आणखी सांडतील. घाण होते तिथेच थांबवायला हवी. मला शोधू द्या."

"शोध. पण मोघम नको, नाव हवं. ज्याच्या हातून होतंय तो माणूस त्या जागेवर राहणार नाही."

मी हो म्हणून बाहेर पडले. छाती पुढे काढून, अगदी. आपल्याला कुणाचं नाव द्यावं लागणार याची कल्पना असती तर त्या दाराला कुलूप लावून किल्ली गिळली असती.

दुसऱ्या दिवसापासून मी नाल्यांची झाकणं उघडत मागच्या टोकाकडून पुढे निघाले. प्रयोगशाळेतलं यंत्र मागून घेतलं. मुठीत मावणारं, काचेवर थेंब टाकायचा आणि आकडा वाचायचा. साखरेच्या गोदामात फाटक्या पोत्यातून सांडलेली साखर माणसं झाडून घ्यायची सोडून पाइपानं धुवत होती. मी झाडू त्यांच्या हातात दिला आणि दोन शब्दही दिले. बाटल्या भरायच्या यंत्रापाशी कमी भरलेल्या बाटल्या सरळ नालीत रिकाम्या होत होत्या; तिथे एक पिंप ठेववलं. यंत्राच्या साखळीवर साबण नुसता टपकत होता, तोटी आवळली. अशी बारीकसारीक पापं घरोघरी असतात. पण या सगळ्यानं माझी टाकी आंबली नसती. कुठेतरी मोठं पाणी मुरत होतं.

शेवटचं झाकण पाकखोलीच्या दाराशी होतं. चव बदलायचा दिवस होता. थेंब काचेवर टाकला आणि आकडा इतका वर गेला की मला वाटलं यंत्र बिघडलं. बोट बुडवून चाखलं. नालीत पाणी नव्हतंच, पाक होता. अस्सल, बाटलीत जायच्या लायकीचा.

आत डोकावले. बाबा पेला धरून उभे होते. झडप नालीकडे वळलेली होती. म्हणजे त्यांनी "उतरला" केव्हाच म्हटलं होतं, आणि पाक तर अजून उतरलाच नव्हता.

मी दाराआड थांबून राहिले. हळूहळू नालीतली गोडी कमी झाली, मग संपली. आकडा शून्यावर आला. मी पुन्हा चाखलं, निव्वळ पाणी. आत बाबांनी घोट घेतला, डोळे मिटून घोळवला, थुंकला.

"अजून आहे," ते म्हणाले.

पाणी वाहत राहिलं. पुन्हा घोट. "अजून आहे." हाताखालची माणसं भिंतीला टेकून उभी होती, त्यांना याची सवय झालेली दिसत होती. स्वच्छ पाणी धो धो नालीत जात होतं आणि माझे सासरे त्यात संत्रं शोधत होते.

मी झाकण परत बसवलं. कोणाचं नाव द्यायचं ते कळलं होतं. का, ते कळलं नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "बाबांना सांगायची हिंमत आपल्या घरात फक्त तुझ्यात आहे."

"आणि तुम्ही?"

"मी ट्रक चालवतोय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

का, ते रविवारी कळलं. सासूबाई शेजारणीकडे गेल्या होत्या, तिचं शिवणयंत्र अडलं होतं आणि शेजारणीच्या प्रत्येक अडचणीत सासूबाईंना जावंच लागतं. बाबांना भूक लागली म्हणून मी त्यांना एकट्याला वाढलं. नावं ठेवायला कुणी नव्हतं, मला बरंच वाटलं. बाबा पोटभर जेवले. दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

"कशी झालीये?" मी सहज विचारलं.

ते क्षणभर थांबले. दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "छान. सगळं बेताचं आहे."

तेवढ्यात सासूबाई आल्या, हातपाय धुऊन पानावर बसल्या, पहिला घास तोंडात घातला आणि म्हणाल्या, "अगं, मीठच नाही घातलंस..."

आणि थांबल्या. बाबांकडे बघितलं. बाबा ताटाकडे बघत होते. त्यांनी हळूच ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. मग चपला घालून बाहेर निघून गेले.

मी एक घास चाखला. मिठाचा कणही नव्हता. जनावरांपुढे ठेवली असती तर त्यांनीही तोंड फिरवलं असतं.

"आई," मी म्हटलं, "कधीपासून?"

सासूबाईंनी पदराला हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिल्या. "थंडीत तो मोठा ताप आला होता ना. ताप गेला, जाताना तोंडाची चव घेऊन गेला. वाससुद्धा. दूध करपलं तरी कळत नाही त्यांना."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

"ते कुठले सांगताहेत. एकदा मी चहात साखर विसरले आणि ते म्हणाले, वा, झकास झालाय. तेव्हा कळलं. मी बोलले नाही, तेही बोलले नाहीत. पण माणूस चारचौघांत जेवायला बसतं, कुणी विचारतं कसं झालंय, मग काय सांगणार? म्हणून मीच आधी सांगून टाकते. मीठ जास्त, तिखट बेताचं. त्यांना बोलायला सोपं जातं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतके दिवस मी भांडी आपटत होते आणि ही बाई माझ्यादेखत आपल्या नवऱ्याला परीक्षेत उत्तरं सांगत होती.

"मला वाटायचं, तुम्ही माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवता."

"माहीत आहे मला. भांडी ऐकू यायची," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, रागावू दे. सुनेचा राग उतरतो. त्यांची अब्रू गेली तर परत येणार नाही."

मग आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता मला रडू आलं. त्यांनी मला जवळ घेतलं, तसं त्या कधी घेत नाहीत. खूप उशिरा का होईना, पण त्या दिवशी मला त्या फार आवडल्या. मग मी त्यांना नालीबद्दल सांगितलं, मोठ्या बाईंनी नाव मागितलंय हेही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"जीभ गेली हे कळलं तर त्यांना तिथून काढतील," त्या म्हणाल्या. "ती खोली गेली तर त्यांच्याकडे राहतं काय? नको सांगूस गं."

"नाही सांगितलं तर टाकी मरेल, आई. आणि घाण पाणी किती दिवस कोंडून ठेवणार? कधीतरी ते ओढ्यात जाणारच."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडचं पाणी गोड.

सोमवारी सकाळी स्कूटर फाटकातून आत गेली तेव्हा मी बाबांना म्हटलं, "बाबा, पाच मिनिटं माझ्याकडे याल?"

"तुझ्याकडे काय बघायचं?" ते म्हणाले, पण आले. कालपासून ते माझ्याशी जेमतेम बोलत होते.

मनात मी सगळं जुळवून ठेवलं होतं. आधी टाकी दाखवायची, मग मंडळींबद्दल सांगायचं, मग हळूच विषय काढायचा. टाकीच्या जवळ गेलो तशी नेहमीप्रमाणे माझा हात रुमालाकडे गेला. त्या दिवशी वास विशेषच होता, डोळ्यांतून पाणी काढणारा. हवेचा पंप बघणारा माणूस तर तोंडाला फडकं बांधून लांब उभा होता. मी नाक दाबून जिना चढले, काठाशी जाऊन उभी राहिले आणि मागे वळले.

बाबा माझ्या शेजारी येऊन उभे होते. दोन्ही हात कठड्यावर, मान पुढे काढून टाकीत बघत. तपकिरी फेस त्यांच्या छातीच्या उंचीपर्यंत आला होता. बागेत उभं राहून फुलं बघावीत तसे ते बघत होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या रुमालाकडे बघितलं. मग खाली उभ्या असलेल्या त्या फडकं बांधलेल्या माणसाकडे बघितलं. पुन्हा टाकीकडे. मुद्दाम एक खोल श्वास घेतला, छाती भरून. आणि सोडला.

"वास येतोय का?" त्यांनी विचारलं.

"भयंकर."

त्यांची कठड्यावरची बोटं घट्ट झाली.

"मला नाही येत," ते म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"चवही नाही लागत."

"तेही माहीत आहे. काल कळलं."

"तुझ्या सासूला?"

"त्यांना पहिल्यापासून. म्हणून तर त्या रोज पानावर बसल्या की आधी सांगतात."

बाबांनी चमकून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे ती मला सांगत होती? मला वाटलं, म्हातारपणी हिची जीभ फार चालायला लागली." ते हसले, पण हसू मध्येच मोडलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याचं कारण वास नव्हता, एवढं मला कळत होतं.

"पाक कुठे संपतो ते कळेना," थोड्या वेळानं ते म्हणाले. "घाबरून लवकरच उतरला म्हणायला लागलो. आणि पाणी कधी म्हणायचं तेही कळेना, म्हणून म्हणायचोच नाही. धुवा, अजून धुवा. कुणाच्या बाटलीत चूक जाऊ नये एवढंच बघितलं. वाटलं, नालीत गेलं ते गेलं."

"नालीत गेलेलं कुठे जात नाही, बाबा. माझ्याकडे येतं."

त्यांनी फेसाकडे बघितलं. "मेले का गं सगळे? तुझी मंडळी?"

"काही मेले. काही धुगधुगतायत. खायला कमी दिलं तर सावरतील."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगता येत नव्हतं. मोठ्या बाईंनी नाव मागितलंय."

ते समजले. जिना उतरले आणि कार्यालयाच्या दिशेनं चालू लागले. मी मागोमाग धावले. "बाबा, थांबा, मी बोलते, मी काहीतरी मार्ग काढते." ते थांबले नाहीत. माझे सासरे एकदा चालायला लागले की ऐकत नाहीत, हा गुण त्यांच्या मुलात पुरेपूर उतरलाय.

मोठ्या बाई फाइल चाळत होत्या. बाबा टेबलासमोर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"तुम्ही सूनबाईकडे एक नाव मागितलंय," ते म्हणाले. "तिला विचारू नका. तिला सासऱ्याचं नाव घ्यायला लावू नये कुणी. मीच देतो. माझ्या तोंडाची चव गेलीय. थंडीपासून. पाकखोलीतून पाक नालीत जातोय तो माझ्यामुळे."

मोठ्या बाईंनी फाइल मिटली.

"मी म्हटलं होतं, मास्तर, तो माणूस त्या जागेवर राहणार नाही."

"माहीत आहे."

मला राहवलं नाही. "बाई, जिभेची जागा यंत्राला द्या," मी मध्येच बोलले. "पाइपापाशी साखर मोजायची. पाक आहे तोवर टाकीत घ्यायचा. मग अर्धवट गोड पाणी येतं, तेही नालीत कशाला? स्वच्छ पिंपात धरायचं आणि संत्र्याच्या पुढच्या पाकात घालायचं. आकडा शून्य झाला की नळ बंद. माझ्याकडे येईल ते नुसतं पाणी. टाकी बांधायला नको, काही नको. पण त्या झडपा फिरवायला हात लागतो, आणि तसा हात दुसरा कुणाचा नाही."

"तू सून म्हणून बोलतेयस," बाई म्हणाल्या.

"सून म्हणून बोलले असते तर रडले असते. गटारबाई म्हणून बोलतेय."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण मी पैज लावणार नाही. त्या बाबांकडे वळल्या. चव घेण्याचं काम प्रयोगशाळेतल्या मुलीकडे जाईल, त्या म्हणाल्या, यंत्रही तीच बघेल आणि शब्दही तिचाच चालेल. मास्तरांनी झडपा सांभाळाव्यात. पुढच्या बदलाला बघू, जमलं तर राहतील, नाही जमलं तर नाही.

बाबा बरं म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि मला म्हणाले, "शब्द तिचा." एवढंच. ते त्यांना किती लागलं होतं ते मला दिसत होतं, आणि त्यावर घालायला माझ्याकडे फुंकर नव्हती.

पुढचा बदल संत्र्यावरून लिंबावर होता. मी माझं काम सोडून पाकखोलीत गेले, मोठ्या बाईही येऊन दाराशी उभ्या राहिल्या. प्रयोगशाळेतली मुलगी यंत्र हातात धरून तोटीपाशी उभी होती, बिचारीचा चेहरा पांढराफटक. बाबा झडपेपाशी. पाणी सोडलं. मुलगी थेंब घेत गेली, आकडा वाचत गेली. "पाक," ती म्हणाली. पाक टाकीत जात राहिला, आधी जायचा त्याच्या कितीतरी नंतरपर्यंत. मग "उतरला" म्हणाली, आणि बाबांनी झडप पिंपाकडे वळवली. पिंपात गोड पाणी भरू लागलं. नाली कोरडीच होती. मी तिच्याकडे बघत होते; कोरडी नाली इतकी सुंदर दिसते हे मला तोवर माहीत नव्हतं. पिंप भरत आलं तसं शेवटचं कळेल न कळेल इतकं गोड पाणी नालीत सोडलं. आकडा उतरत उतरत शून्यावर आला. मुलीनं पुन्हा थेंब घेतला. पुन्हा शून्य. मग तिनं घोट घेऊन पाहिला.

"पाणी," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की नळाच्या आवाजात बुडाला. पण ऐकू सगळ्यांना गेला होता. नळापाशी उभा असलेला माणूस हलला नाही. भिंतीशी उभे असलेले हलले नाहीत. ते सगळे बाबांकडे बघत होते. त्यांना तो शब्द एकाच तोंडून ऐकायची सवय होती. मुलगी रडायच्या बेतात आली. स्वच्छ पाणी वाहत राहिलं, माझ्या टाकीकडे, आणि मी ओठ चावून गप्प राहिले, कारण हे मी बोलून चालणार नव्हतं.

बाबांनी त्या मुलीकडे बघितलं. मग आपल्या माणसांकडे.

"कानात बोळे घातलेत का?" ते कडाडले. "पाणी म्हणाली ना ती! बंद करा!"

नळ बंद झाला. खोली एकदम शांत झाली. मोठ्या बाई काही न बोलता निघून गेल्या, आणि त्या नाही म्हणाल्या नाहीत म्हणजे बाबा राहिले. पहिली लिंबाची बाटली भरून आली तेव्हा मुलीनं ती चाखली आणि नुसतं लिंबू आहे म्हणाली. बाबांनी तिला ते दोनदा म्हणायला लावलं.

मंडळींना सावरायला वेळ लागला. आधी फेस बसला, मग पाण्याचा काळपटपणा गेला, मग बुडबुडे पुन्हा मोकळे वर यायला लागले. बाबा आता कामावरून सुटले की स्कूटर काढायच्या आधी मागच्या बाजूला यायचे, जिना चढायचे, कठड्यावर हात ठेवून बघत राहायचे. काही विचारायचे नाहीत. एका संध्याकाळी ओढ्याकडची झडप पहिल्यांदा उघडली आणि पाणी भिंतीपलीकडे जायला लागलं, तेव्हा ते माझ्या शेजारी उभे होते.

"आता वास येतोय का गं?" त्यांनी विचारलं.

मी श्वास घेतला, छाती भरून. ओल्या मातीचा असतो तेवढाच होता. पण तो त्यांना सांगून मी काय मिळवणार होते?

"नाही येत, बाबा."

"मलाही नाही," बाबा म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले. मग म्हणाले, चल, घरी ती वाट बघत असेल, आणि स्कूटरकडे निघाले.